मोटारसायकलीला सायकलीचा वेगमापक

मुंबई-आग्रा महामार्ग आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग हे दोन्ही रस्ते ज्या शिरपूरपाशी एकमेकांस छेदून जातात, तेथील चौफुलीवर सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या दुचाकींच्या हँडलांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर असे आढळून येते की, दुधाच्या कॅन वाहणारी जुनी बुलेट असो, सातपुड्याच्या पायथ्याकडील पाड्यांतून बाजाराला आलेली आणि आता क्वचितच दृष्टीस पडणारी राजदूत असो, किंवा वीस वर्षे शेताच्या बांधावरून आणि महामार्गावरून सारख्याच निष्ठेने राबलेली स्प्लेंडर असो, त्यांतील पुष्कळ गाड्यांच्या मीटरचा काटा शून्यावर निश्चल पडलेला असतो. इंजिन उत्तम चालते, ब्रेक लागतो, दिवाही लागतो. बंद असते ते केवळ मीटर, आणि त्यावाचून गाडीचे काही अडत नाही अशी समजूत असल्यामुळे त्याची दुरुस्ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडत जाते. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे निवारण अल्प खर्चात, घरच्या घरी करता येते, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

बंद मीटरमुळे होणारी पहिली हानी वेगाच्या अंदाजाची. रुंद, गुळगुळीत आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर काही काळ भरधाव गेल्यानंतर मनुष्याच्या इंद्रियांस त्या वेगाची सवय होते, आणि मग सेंधव्याहून शिरपूरकडे परतताना बिजासन घाटाचा उतार लागला किंवा महामार्ग सोडून गावाच्या रस्त्यास वळावयाचे झाले, म्हणजे गाडी आपल्याला वाटते त्याहून पुष्कळच वेगात आहे हे ध्यानात येत नाही. दुसरी हानी हिशेबाची. ऑइल कधी बदलावयाचे, चेनला वंगण कधी द्यावयाचे, टायर किती चालला, पेट्रोलचे ॲव्हरेज किती पडले, या सर्व प्रश्नांचे उत्तर किलोमीटरच्या आकड्यात असते, आणि तो आकडा नसला म्हणजे ऑइल काळे पडून इंजिन तापू लागेपर्यंत ते बदलण्याची आठवण होत नाही.

मूळ मीटर नादुरुस्त होण्याची कारणे ठरलेली आहेत. जुन्या गाड्यांत पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक लहान दातेरी चक्र असते, ते एका लवचिक तारेस फिरवते, ती तार, म्हणजे मीटर केबल, मीटरच्या पोटातील लोहचुंबकास फिरवते, आणि त्या फिरत्या चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची एक वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध वळून काटा हलवते. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली ज्या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेच हे तत्त्व, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ते जगभरच्या वाहनांत टिकले यावरून त्याची योग्यता सिद्ध होते. परंतु केबल वंगणावाचून तुटते, हबमधील चक्राचे दात झिजतात, आणि धूळ व चिखल यांनी ही झीज वाढते. दुरुस्तीचा पहिला प्रयत्न नेहमी येथेच करावा. केबल तुटली असेल तर नवी केबल हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत योग्य उपाय होय. मात्र गाडीचे उत्पादन बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली असतील, हबमधील चक्र किंवा खुद्द मीटर मिळेनासे झाले असेल, अथवा मिळते ते बनावट मालाचे आणि चार महिन्यांत पुन्हा बंद पडणारे असेल, तर सायकलीच्या मीटरचा विचार अवश्य करावा.

सायकलीस किलोमीटर मोजणारे यंत्र लावण्याची कल्पना मोटारसायकलीच्या प्रसाराहून जुनी आहे. अमेरिकेत हार्टफर्ड येथे कर्टिस वीडर यांनी १८९५ च्या सुमारास जो सायक्लोमीटर बाजारात आणला, त्यात आऱ्याला लावलेली एक खुंटी प्रत्येक फेरीला एका चक्राचा एक दाता पुढे ढकलीत असे. आजच्या मीटरात ती खुंटी म्हणजे आऱ्यावरचा लहानसा चुंबक, आणि त्या दात्याच्या जागी काचेच्या सूक्ष्म नळीत बंद केलेल्या दोन पात्यांचा रीड स्विच, जो वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली बेल प्रयोगशाळेत तयार केला. चुंबक समोरून गेला की पात्या क्षणभर जुळतात, मंडल पूर्ण होते, आणि मीटर एक फेरी मोजतो. फेरीला किती अंतर पडते हे आपण त्यास आधीच सांगून ठेवलेले असते. तेव्हा अंतर आणि वेग हे दोन्ही तो केवळ गणिताने काढतो. चाक सायकलीचे आहे की मोटारसायकलीचे, याची त्यास खबर नसते, आणि या साऱ्या उपक्रमाचा आधार नेमका हाच आहे.

यात आणखी एक अनुकूल योग असा की, मोटारसायकलीची रिम लहान असली तरी टायर जाड असल्यामुळे तिच्या चाकाचा परीघ सायकलीच्या चाकाच्या परिघाच्या आसपासच येतो. स्प्लेंडरचा पुढचा २.७५-१८ मापाचा टायर एका फेरीत सुमारे १८७० मिलिमीटर अंतर कापतो, बुलेटचा ३.२५-१९ मापाचा टायर सुमारे दोन मीटर, आणि आपल्याकडील जुन्या २८ इंची सायकलीचे चाक सुमारे सव्वादोन मीटर. सायकलीच्या मीटरात जे आकडे भरता येतात, त्यांच्या मर्यादेत ही सर्व मापे विनासायास बसतात.

मीटर खरेदी करताना तीन गोष्टींची खातरजमा करावी. पहिली म्हणजे तो तारेचा असावा, बिनतारी नसावा. बिनतारी मीटर सेन्सरकडून, म्हणजे चिमट्यावरील रीड स्विचकडून, येणारा क्षीण रेडिओ संदेश टिपतो, आणि मोटारसायकलीच्या प्लगमध्ये प्रत्येक ठिणगीबरोबर हजारो व्होल्टचा जो विद्युत्-क्षोभ उत्पन्न होतो, त्यामुळे त्या संदेशात भेसळ होऊन गाडी उभी असतानाही आकडे नाचू लागतात. दुसरी म्हणजे परीघ मिलिमीटरमध्ये, चार अंकांत, स्वतः भरण्याची सोय असावी. ज्या स्वस्त मीटरात केवळ सायकलीच्या ठराविक टायरांची यादी असते आणि तिच्यातूनच निवड करावी लागते, तो घेऊ नये, कारण त्याचे अंतर कधीही बिनचूक येणार नाही. तिसरी म्हणजे पडद्यास स्वतःचा प्रकाश असावा. पुष्कळ सायकल-मीटरांस तो नसतो, आणि रात्री हेडलाइटचा उजेड मागे पडद्यावर येत नसल्यामुळे असा मीटर सूर्यास्तानंतर निरुपयोगी होतो. असा तारेचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. पुष्कळ मीटर ताशी ९९.९ किलोमीटरच्या पुढे दाखवीत नाहीत. तथापि दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलीस केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा घालून दिलेली असल्यामुळे त्या उणिवेची तक्रार करण्याचे कारण नाही.

आता जोडणीचा मुख्य भाग. येथे घाई करणाराचा मीटर एक तर चालत नाही, किंवा चालून धोका उत्पन्न करतो.

चुंबक आऱ्यावर कोठे बसवावा, हा पहिला प्रश्न. सायकलीवर तो बहुधा रिमेच्या अर्ध्या वाटेवर बसवतात, आणि ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाला ते चालून जाते. स्प्लेंडर ताशी ६० किलोमीटरने धावू लागली म्हणजे तिचे चाक सेकंदाला सुमारे नऊ फेऱ्या घेते. अशा वेळी पाच ग्रॅम वजनाचा चुंबक आसापासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर त्यास बाहेर फेकू पाहणारा जोर सुमारे ३२० ग्रॅम वजनाइतका होतो. तोच चुंबक दहा सेंटिमीटरवर आणला की हा जोर निम्म्यावर येतो. शिवाय आसाजवळचा चुंबक सेन्सरसमोरून हळू जातो, त्यामुळे रीड स्विचच्या पात्या अधिक काळ जुळलेल्या राहतात आणि फेरी चुकण्याचा संभव उरत नाही. म्हणून चुंबक हबकडे आणावा. पण हबला किंवा ब्रेकच्या ड्रमला अगदी चिकटवू नये. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवल्याने ड्रम तापतो, आणि निओडिमियमचा साधा चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती कायमची गमावू लागतो. हबच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर अंतरावरचा आरा ही मला सर्वांत योग्य जागा वाटते.

सायकलीचा आरा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असतो; मोटारसायकलीचा तीन मिलिमीटरच्या पुढचा. त्यामुळे मीटरबरोबर आलेल्या चुंबकाची खाच या आऱ्यावर नीट बसत नाही, आणि बसली तरी तिचा स्क्रू पुरता आवळला जात नाही. आरा प्रथम पेट्रोलने पुसून, बारीक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करावा, चुंबक एम-सीलमध्ये बसवावा, ते कडक होण्यापूर्वीच वरून पातळ तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे घट्ट द्यावे, आणि एक संपूर्ण रात्र गाडी हलवू नये. केवळ फेविक्विकच्या भरवशावर चुंबक लावणे मी निषिद्ध मानतो, कारण तो ठिसूळ जोड धक्क्यांनी सुटतो आणि सुटलेला चुंबक ब्रेकच्या भागांत किंवा मागून येणाराच्या डोळ्यांत जाऊ शकतो. आऱ्यांऐवजी ॲलॉय चाक असेल तर चाकाच्या फाट्याच्या आतील अंगास, रंग खरवडून, याच रीतीने चुंबक बसवावा. डिस्क ब्रेकच्या गाडीत डिस्कच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर किंवा कॅलिपरच्या मार्गात काहीही येता कामा नये. आणि ज्या गाडीस एबीएस आहे, तिच्या चाकाच्या वेगाचा सेन्सर व त्याचे दातेरी कडे ज्या बाजूस असेल त्या बाजूस चुंबक मुळीच लावू नये. ब्रेकच्या यंत्रणेस चुकीचा संदेश जाण्याचा धोका पत्करावा इतके या मीटरचे मोल नाही.

सेन्सर पुढच्या चिमट्याच्या खालच्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या नळीवर, ब्रेक केबल जेथे येत नाही अशा मोकळ्या बाजूस बसवावा. सायकलीत चुंबक आणि सेन्सर यांमधील अंतर आपोआप दोन-तीन मिलिमीटर राहते. मोटारसायकलीचा हब रुंद आणि चिमटा त्याहून रुंद, म्हणून येथे ते अंतर काही सेंटिमीटर निघते. ते भरून काढण्यासाठी सायकलीच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिमट्यास गुंडाळून, तिच्यावर नायलॉनचा किंवा टणक रबराचा ठोकळा ठेवावा, आणि त्या ठोकळ्यावर सेन्सर चढवून रुंद, जाड केबल टायने दोन ठिकाणी आवळावा. मीटरबरोबर येणारे टाय सायकलीच्या बारीक चिमट्यापुरते असतात. ते येथे पुरत नाहीत. सेन्सरवर जी रेघ कोरलेली असते, तिच्यासमोरून चुंबक जाईल अशी उंची साधावी, आणि मधले अंतर तीन ते पाच मिलिमीटर ठेवावे. नंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पुढचे चाक उचलून हाताने फिरवावे, आणि पडद्यावर वेग उमटतो की नाही ते पाहावे.

येथे उद्भवणारे दोष तीन प्रकारचे असतात आणि त्यांची लक्षणे निरनिराळी आहेत. मंद वेगात मीटर चालतो पण वेग वाढताच शून्यावर येतो, असे झाले तर अंतर अधिक आहे किंवा चुंबक रिमेकडे फार सरकला आहे. वेग नेमका दुप्पट दिसला, तर एका फेरीत चुंबक पात्यांना दोनदा जुळवीत आहे. अंतर थोडे वाढवावे किंवा सेन्सर वरखाली सरकवून त्याचे एक टोक चुंबकासमोर आणावे. आणि आकडे केवळ ॲक्सिलरेटर दिला असता उसळी घेत असतील, तर दोष चुंबकाचा नसून तार प्लगच्या वायरीजवळून किंवा इग्निशन कॉइलजवळून गेल्याचा आहे.

तारेचा मार्ग ठरविताना मूळ उत्पादकाने ब्रेक केबलसाठी जो मार्ग आखला आहे, त्याचेच अनुकरण करावे. चिमटा खड्ड्यात दहा सेंटिमीटरहून अधिक दबतो आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळते; या दोन्ही हालचालींना पुरेल इतकी सैल लांबी ब्रेक केबलीत आधीच ठेवलेली असते, म्हणून मीटरची तार तिच्या बाह्य आवरणास दर वीतभर अंतरावर हलक्या टायने बांधली की स्वतंत्र विचार करावा लागत नाही. तार तोकडी पडल्यास मध्ये दुसरी जोडता येते. रीड स्विचला धन-ऋण असा भेद नसल्यामुळे दोन वायरींपैकी कोणती कोणास जोडावी याची चिंता नको. पण जोड सोल्डरचा असावा आणि वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, कारण पिळून चिकटपट्टी लावलेला जोड पहिल्या पावसातच गंजतो. सर्व झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंस टोकापर्यंत वळवून, पुढचा ब्रेक धरून चिमटा दाबून पाहावा. तार कोठेही ताणली जाता कामा नये, आणि कोणत्याही स्थितीत आऱ्यांच्या जवळ येता कामा नये.

यानंतर जे काम उरते त्यातच या मीटरचे खरे श्रेष्ठत्व आहे. उत्पादकाचे मीटर खऱ्यापेक्षा किंचित अधिक वेग दाखवतील अशाच बेताने बनवलेले असतात, आणि टायरचे माप बदलले तरी त्यांत फेरफार करता येत नाही. आपला मीटर मात्र आपल्याच चाकाच्या मोजणीवर चालतो. प्रथम पुढच्या टायरमध्ये उत्पादकाने सांगितली आहे तेवढी हवा भरावी. मग काँक्रीटच्या सपाट पटांगणात टायरच्या तळाशी आणि त्याखालील जमिनीवर खडूची खूण करावी, नेहमी चालवणाराने गाडीवर बसावे, आणि दुसऱ्याने ती सरळ रेषेत ढकलीत चाकाच्या तीन पूर्ण फेऱ्या होऊ द्याव्या. जमिनीवरील दोन खुणांमधील अंतर फितीने मोजून तिनाने भागावे. ते ५ मीटर ६१ सेंटिमीटर भरले, तर परीघ १८७० मिलिमीटर. गाडीवर माणूस बसलेला असणे आवश्यक आहे, कारण भाराने टायर दबतो आणि परीघ त्या प्रमाणात घटतो. रिकामे चाक मोजून भरलेला आकडा नेहमी फसवा असतो.

या आकड्याची परीक्षा रस्त्यावर करावी. शिरपूरहून नरडाण्याच्या दिशेने महामार्गावर किलोमीटरचे दगड सलग आहेत, आणि त्यांच्या मध्ये दर २०० मीटरला लहान दगड आढळतात. एकाच किलोमीटरवर विसंबू नये; वळणमार्ग झाले किंवा रस्ता रुंद झाला म्हणजे एखादा दगड थोडा पुढेमागे झालेला असतो, म्हणून दहा किलोमीटर जाऊन पाहावे. दगडांच्या हिशेबाने १० किलोमीटर आणि मीटरच्या हिशेबाने १०.२ किलोमीटर भरले, तर भरलेल्या परिघास दगडांच्या अंतराने गुणून मीटरच्या अंतराने भागावे: १८७० गुणिले १० भागिले १०.२, म्हणजे १८३३. हा सुधारलेला आकडा भरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा तपासावा. टायरची नक्षी तीन मिलिमीटर झिजली की परीघ सुमारे १९ मिलिमीटरने, म्हणजे एक टक्क्याने कमी होतो. तेव्हा वर्षातून एकदा ही मोजणी पुन्हा करणे इष्ट.

कायद्याविषयी स्पष्टपणे लिहिणे मी कर्तव्य समजतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११७ व्या नियमान्वये मोटार वाहनास वेगमापक असणे बंधनकारक आहे, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मज्जाव करते. सायकलीचा मीटर मोटार वाहनासाठी प्रमाणित केलेला नसतो. म्हणून मूळ मीटर काढून टाकून त्याच्या जागी हा बसवू नये. मूळ मीटर जागच्या जागी ठेवावा, त्याची दुरुस्ती जमेल तेव्हा करावी, आणि सायकलीचा मीटर हँडलावर त्याच्या जोडीला, तात्पुरता साहाय्यक म्हणून लावावा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी धुळ्याच्या परिवहन कार्यालयात न्यावयाची असेल, तर त्यापूर्वी मूळ मीटर चालू करून घ्यावा. गाडी विकताना मूळ मीटरवरील आकडा खऱ्या चालीपेक्षा कमी आहे ही गोष्ट घेणाराला सांगितलीच पाहिजे, आणि सायकल-मीटरची नोंद त्याच्या हाती दिली पाहिजे. तसे न करणे ही उघड फसवणूक आहे.

मीटर हँडलावर बसविताना त्याच्या पायाखाली ट्यूबची दुहेरी पट्टी ठेवावी, म्हणजे इंजिनाच्या कंपनांनी पाया आणि पडदा यांमधील पितळी टाचण्यांचा संबंध तुटत नाही. त्या टाचण्यांवर पावसाळ्यापूर्वी किंचित व्हॅसलीन लावावे. आमच्या खानदेशातील वैशाखाच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहिली की पडदा काळवंडतो. सावलीत थंड झाल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो, पण वारंवार असे होऊ देणे त्याच्या आयुष्यास घातक असते. पायातून फिरवून मीटर काढता येतो, म्हणून बाजारात किंवा शेतावर गाडी लावताना तो काढून खिशात ठेवण्याची सवय लावून घ्यावी. उन्हापासून आणि चोरीपासून एकाच वेळी रक्षण होते. चालू गाडीवर त्याची बटणे दाबू नयेत. आकडा सुमारे सेकंदाने उशिरा बदलतो, तेव्हा जोराचा ब्रेक मारताना पडद्याकडे पाहण्यात काहीच अर्थ नाही.

पुष्कळ मीटरांतील एकूण किलोमीटरचा आकडा आणि भरलेला परीघ, दोन्ही सेल काढताच पुसले जातात. याकरिता एक लहान वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, तिच्या पहिल्या पानावर परीघ लिहावा, आणि पेट्रोल भरताना, ऑइल बदलताना व चेनला वंगण देताना तारखेसह किलोमीटर टिपावे. पडदा फिका दिसू लागला की सेल संपत आला असे समजावे. घड्याळाच्या दुकानात मिळणारा, बहुतेक मीटरांस लागणारा सीआर २०३२ हा सेल आणून ठेवावा. जुना काढण्यापूर्वी एकूण आकडा वहीत उतरवावा, आणि नवा घातल्यावर परीघ पुन्हा भरून, सोय असेल तर मागील किलोमीटरही भरावे, नसेल तर वहीतील आकड्यात नव्या आकड्याची बेरीज करीत जावे.